तार मुकी झाली तर

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि वाळूज औद्योगिक वसाहतींत गरवारेंच्या कारखान्यांतून पॉलिएस्टरची फिल्म बाहेर पडते. वितळलेलं पॉलिएस्टर एका लांब फटीतून थंड रोलवर येतं, गोठून जाडसर पट्टा होतं, आणि मग पुन्हा गरम करून ओढलं जातं. लांबीच्या दिशेनं ओढण्याची रीत ऐकून मी थक्क झालो होतो. पुढचा रोल मागच्यापेक्षा साधारण तीन ते चार पट वेगानं फिरवायचा, बस. मागून येते त्याहून जास्त फिल्म पुढचा रोल मागतो, आणि गरम फिल्मला ताणलं जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गाडीच्या काचेवर बसणाऱ्या फिल्मची जाडी अशी दोन रोलच्या वेगांच्या गुणोत्तरावरही ठरते. पुढचा रोल दोन टक्के जास्त पळाला तर फिल्म जवळपास दोन टक्के पातळ.

मग रोल फिरवणाऱ्या मोटरीला ‘किती’ हे सांगतं कोण, आणि ते तिच्यापर्यंत पोचतं कसं?

इंडक्शन मोटरीचा वेग तिला मिळणाऱ्या विजेच्या वारंवारतेवर ठरतो. 1888 मध्ये टेस्लाच्या मोटरीला पेटंट मिळालं तेव्हापासून हे असंच आहे. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर चार पोलच्या मोटरीत मिनिटाला 1500 फेरे घेणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि रोटर त्याच्या थोडा मागे, 1440 च्या आसपास पळतो. वेग बदलायचा तर वारंवारताच बदलायला हवी, आणि ग्रिडची वारंवारता तर ठरलेली. म्हणून मध्ये बसतो ड्राइव्ह. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन त्याला व्हीएफडी म्हणतात. तो 415 व्होल्टची तीन फेजची वीज आधी सरळ करून सुमारे 590 व्होल्टचा डीसी साठा करतो, आणि त्या साठ्याचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून हव्या त्या वारंवारतेची नवी वीज घडवतो. डॅनफॉस या डॅनिश कंपनीनं 1968 मध्ये असे ड्राइव्ह मोठ्या संख्येनं बनवायला घेतले. तुकडे पाडण्याचं काम आज आयजीबीटी नावाचा स्विच करतो. त्याच्या जन्माशी बी. जयंत बालिगा या मद्रासमध्ये जन्मलेल्या, तिथल्याच आयआयटीत शिकलेल्या अभियंत्याचं नाव जोडलेलं आहे, आणि त्याबद्दल त्यांना 2024 चं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळालं.

ड्राइव्हच्या ताकदीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला त्याहून मोठं नवल वाटतं ते त्याच्या झाकणाखालच्या एका छोट्या पट्टीचं.

झाकण काढलं की एका बाजूला जाडजूड टर्मिनल दिसतात. आर, एस, टी म्हणजे आत येणारी वीज आणि यू, व्ही, डब्ल्यू म्हणजे मोटरीकडे जाणारी. तिथली केबल बोटाएवढी, लग्ज क्रिंप करून पान्यानं आवळलेली. शंभर अश्वशक्तीची मोटर असेल तर तिथून सुमारे 130 अँपियर वाहतात. शेजारीच, अगदी बारीक स्क्रू ड्रायव्हर लागेल अशा टर्मिनलांची एक पट्टी असते. तिच्यावर 24 व्होल्ट, 10 व्होल्ट, डीआय, एआय, कॉम अशी अक्षरं. इथून एका सिग्नलला साधारण 20 मिलिअँपियर वाहतात, म्हणजे शेजारच्या प्रवाहाचा साडेसहा हजारावा भाग. शंभर अश्वशक्तीनं कधी सुरू व्हायचं, कुठल्या दिशेनं फिरायचं, किती वेगानं आणि केव्हा थांबायचं, हे सगळं या चिमुकल्या प्रवाहानं ठरतं.

आणि हे ठरतं भयंकर गोंगाटात. आयजीबीटी एका मायक्रोसेकंदाच्या काही दशांशांत जवळपास 600 व्होल्ट जोडतो आणि तोडतो, सेकंदाला हजारो वेळा. इतक्या झटक्यानं बदलणारं व्होल्टेज शेजारून जाणाऱ्या प्रत्येक तारेत स्वतःची छाप उमटवू पाहतं. ड्राइव्हला आज्ञा नेणारी तार ज्या खोक्यात शिरते, तेच खोकं तिचा सगळ्यात मोठा शत्रू असतं. त्यात आपल्या मराठवाड्यात वळवाचा पाऊस येतो तेव्हा आकाशातली वीज शेडबाहेरून आलेल्या लांब सिग्नल केबलीतही झटका पाठवते. म्हणून सिग्नलची केबल शिल्डेड घ्यायची, ती शिल्ड अ‍ॅनालॉगसाठी एकाच टोकाला अर्थ करायची, पॉवर केबलला समांतर ट्रेमध्ये टाकायची नाही आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडायची. हे नियम जुने वायरमन डोळे मिटूनही पाळतात.

पण खरी भिंत आतमध्ये आहे. बोटांनी हाताळायचे 24 व्होल्ट आणि जीव घेणारे 590 व्होल्ट एकाच खोक्यात काही सेंटीमीटरवर नांदतात, आणि तरी एकाचा निरोप दुसऱ्याला कळायला हवा. ही अडचण सोडवणारी युक्ती सुरेख आहे. अनेक ड्राइव्हमध्ये निरोप तांब्यातून पलीकडे जातच नाही, तो प्रकाश होऊन जातो. ऑप्टोकपलर नावाच्या काळ्या चिपमध्ये एका बाजूला छोटा एलईडी असतो आणि समोर, मिलिमीटरहून कमी अंतरावर, प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. अलीकडे 24 व्होल्ट आले की एलईडी उजळतो, पलीकडचा ट्रान्झिस्टर जागा होतो. दोघांमध्ये पारदर्शक इन्सुलेशन असतं, जे हजारो व्होल्ट अडवतं पण उजेड अडवत नाही. बंद चिपच्या आतला हा उजेड कुणाच्या डोळ्यांना कधी दिसत नाही, आणि त्याच्या जोरावर ऑपरेटर निर्धास्तपणे बटणावर बोट ठेवतो.

आता पट्टीवरच्या टर्मिनलांकडे वळू. सगळ्यात सोपे ते डिजिटल इनपुट, होय किंवा नाही सांगणारे. एकाला 24 व्होल्ट दिले की मोटर पुढे, दुसऱ्याला दिले की उलट. तीन इनपुट एकत्र वाचले तर आठ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीला एक वेग नेमून देता येतो. तुमच्या इमारतीतली लिफ्ट मजल्याजवळ येताना आधी मंद होते, मग सरपटत येऊन नेमकी पातळीला थांबते. त्यामागे अनेकदा अशाच होय-नाहीच्या जोड्या असतात.

इथेच या विद्येची खरी वृत्ती पहिल्यांदा दिसते. स्टार्टचं बटण दाबल्यावर संपर्क जोडतं. स्टॉपचं बटण मात्र उलट बनवलेलं असतं, ते दाबलं नसताना जोडलेलं आणि दाबल्यावर तुटलेलं. का? समजा स्टॉपची तार उंदरानं कुरतडली. बटण दाबल्यावर जोडणारं असतं तर तार तुटल्याचं कुणाला कळलंही नसतं, आणि संकटात बटण दाबल्यावर काहीच घडलं नसतं. उलट जोडणीत तार तुटली की मशीन ताबडतोब थांबतं. म्हणजे ज्यानं ही रीत घातली त्यानं आज्ञा पोचवण्याची सोय तर केलीच, शिवाय आज्ञा पोचलीच नाही तर काय, याचाही विचार केला. हा विचार या पट्टीच्या प्रत्येक टर्मिनलात मुरलेला आहे, आणि माझ्या मते या विद्येचं सगळं मोठेपण त्यात आहे.

वेग सांगायचा सर्वांत घरगुती मार्ग म्हणजे पॉट, पोटेन्शियोमीटर. ड्राइव्ह स्वतःच 10 व्होल्ट देतो, पॉटच्या मधल्या टोकावरून 0 ते 10 मधलं कुठलं तरी व्होल्टेज एआय या अ‍ॅनालॉग इनपुटवर परत येतं. शून्यावर मोटर उभी, दहावर 50 हर्ट्झ. एका व्होल्टला 5 हर्ट्झ. स्वस्त आणि समजायला सोपं, पॅनेलच्या दारावर बसवायला उत्तम. पण तार लांब गेली की पंचाईत होते. ड्राइव्हचा हा इनपुट व्होल्टेज वाचतो आणि प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे शेजारच्या केबलीतून उमटलेली क्षीण गडबडही तो आज्ञा म्हणून वाचतो. फक्त 0.2 व्होल्टची गडबड म्हणजे 1 हर्ट्झ, आणि चार पोलच्या मोटरीत 1 हर्ट्झ म्हणजे मिनिटाला 30 फेरे. फिल्मच्या रोलला हे परवडणारं नाही. जिथे गुणोत्तर काटेकोर हवं तिथे वेग मोजणारा एन्कोडर आणि डिजिटल जाळं लागतं, ते उगाच नाही.

याहून गंभीर गोष्ट तार तुटल्यावर दिसते. पॉटच्या मधल्या टोकाची तार निसटली तर ड्राइव्हला शून्य दिसतं आणि मोटर मंदावते. पण पॉटची खालच्या, शून्य व्होल्टच्या टोकाची तार निसटली तर? मधलं टोक आता फक्त 10 व्होल्टशीच जोडलेलं राहतं. ड्राइव्ह ते पूर्ण वेगाची आज्ञा समजतो आणि मोटर भरधाव सुटते. एक स्क्रू सैल, आणि अर्थ नेमका उलटा.

पंपाचं उदाहरण याहून बोलकं आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कारखान्यांत, इथल्या बिअरच्या कारखान्यांत आणि आता उंच इमारतींच्या तळघरांतही पाण्याचा दाब कायम ठेवणारे पंप असतात. नळ जास्त उघडले की पंप वेग वाढवतो, बंद झाले की कमी करतो. व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी करण्यापेक्षा हे किती तरी पटींनी शहाणपणाचं, कारण घर्षणाचा दाब पेलणाऱ्या पंपात लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग 80 टक्क्यांवर आणला की अशा पंपात शक्ती जवळपास निम्म्यावर, 51 टक्क्यांवर येते, दाब कायम ठेवायचा असेल तिथे बचत याहून कमी. दाब कायम ठेवण्यासाठी पाइपवर दाब मोजणारा ट्रान्समीटर बसवतात आणि त्याचा सिग्नल ड्राइव्हला देतात. आता हा सिग्नल 0 ते 10 व्होल्टचा आहे आणि त्याची तार तुटली असं समजा. ड्राइव्हला दिसतं की दाब शून्य. त्याला शिकवलेलं एकच असतं, दाब कमी झाला की वेग वाढव. तो वाढवत जातो, शेवटपर्यंत. पाइपमध्ये दाब चढत असतो, सांध्यांतून पाणी उडायला लागतं, आणि ड्राइव्ह मात्र आपण पाण्याची टंचाई दूर करतोय या समजुतीत पूर्ण ताकदीनं फिरत राहतो. ‘दाब शून्य आहे’ आणि ‘मला दाब कळतच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी त्याला सारख्याच दिसतात.

यावरचं उत्तर म्हणजे 4 ते 20 मिलिअँपियरचा लूप. मला विचाराल तर उद्योगातली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे.

पहिली गोष्ट, इथे व्होल्टेजऐवजी प्रवाह बोलतो. एकाच वळशात जोडलेल्या तारेत प्रवाह सगळीकडे सारखा असतो. ट्रान्समीटरनं 12 मिलिअँपियर सोडले तर 10 मीटरवरही 12 आणि एक किलोमीटरवरही 12. मध्ये तारेचा रेझिस्टन्स वाढला, एखादा सांधा गंजला, तरी ट्रान्समीटर आपणहून जुळवून घेऊन तो प्रवाह टिकवतो, अर्थात लूपच्या 24 व्होल्टच्या पुरवठ्याला झेपेल तोपर्यंत. ड्राइव्हच्या टोकाला साधारण 250 ओहमचा रेझिस्टर असेल तर 4 मिलिअँपियरचा 1 व्होल्ट आणि 20 चे 5 व्होल्ट तयार होतात. उपरा गोंगाट या कमी रेझिस्टन्सच्या वळशात आपला पाय फारसा रोवू शकत नाही.

दुसरी गोष्ट आणखी नवलाची. शून्य सांगायला शून्य वापरायचंच नाही. 0 ते 10 बारचा ट्रान्समीटर घ्या. दाब शून्य असेल तेव्हा तो 4 मिलिअँपियर पाठवतो, दाब 4 बार असेल तेव्हा 10.4, आणि पूर्ण 10 बारला 20. मग तारेत खरोखरचं शून्य दिसलं तर त्याचा अर्थ एकच, कुठे तरी काही तरी तुटलंय. पंपाचा तोच प्रसंग पुन्हा घडू द्या. तार तुटते, प्रवाह 4 च्या खाली कोसळतो, आणि ड्राइव्हला त्याच क्षणी कळतं की हा दाब नव्हे, ही मुकी झालेली तार आहे. तो पंप थांबवतो किंवा ठरवून दिलेल्या सुरक्षित वेगावर नेतो आणि पडद्यावर फॉल्ट दाखवतो. पुढे नामूर या संस्थेच्या शिफारशीनं यात आणखी बारकावा आणला. खरं माप 3.8 ते 20.5 च्या आतच राहील, आणि ट्रान्समीटरला स्वतःतच बिघाड जाणवला तर तो मुद्दाम 3.6 पर्यंत खाली किंवा 21 च्या वर जाईल. म्हणजे ‘मी आजारी आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नका’ हेसुद्धा त्याच दोन तारांतून सांगता येतं.

तिसरी गोष्ट या चारच्या पोटात दडलेली आहे. तळाशी कायम 4 मिलिअँपियर वाहतातच, तर त्यांच्यावरच ट्रान्समीटर का चालवू नये? दोन तारांचे ट्रान्समीटर असेच जगतात. वीज द्यायला वेगळी केबल नाही. ज्या तारांतून ते बोलतात त्याच तारांतून ते पोट भरतात. 24 व्होल्टच्या लूपमध्ये 4 मिलिअँपियर म्हणजे वॅटचा दहावा हिस्साही नाही. तेवढ्यात सेन्सर वाचायचा, हिशेब करायचा आणि प्रवाह सांभाळायचा. एवढ्या कमी ऊर्जेमुळेच, ऊर्जेवर मर्यादा घालणारा बॅरियर लावून, सॉल्व्हेंटच्या वाफा असलेल्या ठिकाणीही असा लूप नेता येतो. ठिणगी पडली तरी वाफा पेटवण्याइतकी ताकद तिच्यात येऊ दिलेली नसते.

शून्य सांगायला शून्य न वापरण्याची कल्पना या विजेच्या लूपच्याही आधीची आहे. इलेक्ट्रॉनिक्स येण्याआधी कारखान्यांत निरोप तांब्याच्या बारीक नळ्यांतून, दाबलेल्या हवेनं जात. त्यांची मोजपट्टी होती 3 ते 15 पीएसआय. शून्याला 3 पीएसआय, कारण नळी फुटली की खरं शून्य येणार. 3 ला 15, 4 ला 20, 1 ला 5 व्होल्ट, सगळीकडे तेच एकास पाच. हवेची जागा विजेनं घेतली, पण तुटलेली नळी ओळखण्याचं शहाणपण तसंच पुढे आलं. आणि हे काही दूरदेशीचं राहिलेलं नाही. स्विस कंपनी एन्ड्रेस+हाउझरचे प्रवाह आणि तापमान मोजणाऱ्या उपकरणांचे कारखाने वाळूजमध्ये आहेत. जगभरच्या कंट्रोल रूममध्ये पोचणारे कितीतरी ‘चार ते वीस’ आपल्या गावातून निघतात.

1980 च्या दशकात या लूपवर हार्ट नावाची आणखी एक करामत चढली. स्थिर प्रवाहावर अर्ध्या मिलिअँपियरची बारीक थरथर, 1200 आणि 2200 हर्ट्झच्या दोन सुरांत. एक सूर म्हणजे एक, दुसरा म्हणजे शून्य. थरथरीची सरासरी शून्यच येते, त्यामुळे मूळ माप जागचं हलत नाही, आणि त्याच जुन्या तारांतून ट्रान्समीटरचा नंबर, रेंज, तब्येत सगळं वाचता येतं.

एका शेडमध्ये चाळीस ड्राइव्ह असतील तर प्रत्येकाला वेगळ्या तारा ओढत बसणं जड जातं. तिथे येतं मॉडबस, मॉडिकॉन कंपनीनं 1979 मध्ये मांडलेलं, आणि ते नेणारी आरएस-485 ची दोन तारांची जोडी, 1983 ची. एका जोडीवर सर्वसाधारणपणे 32 यंत्रं, आणि वेग कमी ठेवला तर 1200 मीटरपर्यंत लांबी. तारा एकमेकींत पिळलेल्या असतात, ग्रॅहम बेलनं 1881 मध्ये टेलिफोनसाठी पेटंट घेतलेली हीच युक्ती. ऐकणारा कुठल्याही एका तारेचं व्होल्टेज बघत नाही, दोघींतला फरक बघतो. वाळूजच्या रस्त्यावर बसमध्ये शेजारी बसलेली दोन माणसं खड्ड्यात एकदमच उसळतात, पण त्यांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो. गोंगाट दोन्ही तारांना सारखाच उचलतो, फरक शाबूत राहतो, आणि निरोप त्या फरकातच लिहिलेला असतो. प्रत्येक निरोपाच्या शेवटी तपासणीचा आकडा जोडलेला असतो, तो जुळला नाही तर निरोप टाकून दिला जातो. शिवाय आज्ञा देणाऱ्या पीएलसी या नियंत्रकाकडून ठरलेल्या वेळात काहीच आलं नाही तर ड्राइव्हला फॉल्टवर जायला सांगता येतं. इथेही शांततेचा अर्थ आधीच ठरवून ठेवलेला.

आणि शेवटी एसटीओ, सेफ टॉर्क ऑफ. दोन स्वतंत्र टर्मिनल, दोघांवरही 24 व्होल्ट असतील तरच आयजीबीटींना स्विच करण्याची मुभा. दोघांपैकी एकावरचेही गेले की मोटरीत टॉर्क निर्माण होणंच बंद. परवानगी सतत द्यावी लागते, नकार मात्र आपोआप मिळतो. एवढं मात्र नीट लक्षात ठेवायला हवं, की एसटीओ फक्त टॉर्क बंद करतं, वीज तोडत नाही. टर्मिनलवर जीवघेणं व्होल्टेज तसंच असतं, आणि मेन स्विच बंद केल्यावरही डीसी साठा रिकामा व्हायला ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबावंच लागतं.

इतका सगळा विचार करून झाल्यावर त्याचा उपयोग एका नोंदीवर येऊन थांबतो. 4 ते 20 चा लूप तुटल्यावर ड्राइव्हनं काय करायचं, हे एका पॅरामीटरमध्ये भरावं लागतं. थांब, आधीचा वेग धर, की ठरवलेल्या वेगावर जा? अनेक ड्राइव्ह कारखान्यातून येतात तेव्हा ही नोंद बंद असते. मशीन सुरू करण्याच्या घाईत ती तशीच राहते, आणि तार तुटेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की टेस्ट बेंचवर छोट्या मोटरीला लूप जोडा आणि मुलांना स्वतःच्या हातानं ती तार काढून बघू द्या, एकदा ही नोंद बंद ठेवून आणि एकदा चालू करून. आणि मेन्टेनन्समधल्या मित्रांनो, पुढच्या शटडाउनला तुमच्या पंपांच्या ड्राइव्हमधला हा एक पॅरामीटर उघडून बघा, बंद असेल तर प्रक्रियेला साजेसं उत्तर भरा, आणि ते पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.